पोर्क रोस्ट, खांद्याचा तुकडा आणि ६३ अंश: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. गोव्याच्या चवीचे वाटण लावून ओव्हनमध्ये भाजलेल्या पोर्कच्या माझ्या कृतीवर आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: अमेरिकेचे कृषी खाते ६३ अंश सेल्सिअस पुरेसे मानत असताना मांसाचे आतले तापमान ९० अंशांपर्यंत नेणे हा अतिरेक आहे, व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरवल्याने मांस मऊ न होता उलट कोरडे पडले, आणि कातडी शेवटपर्यंत चिवटच राहिली. खांद्याचा तुकडा न मिळाल्याने आपण पाठीकडचा, जवळजवळ बिनचरबीचा तुकडा वापरलात, हे आपण जाता जाता लिहिले आहे. जे घडले त्याचे बरेचसे मूळ मला त्या वाक्यात दिसते.

६३ अंशांचा आकडा आपण बरोबर दिला आहे. त्या खात्याने २०११ साली अखंड तुकड्यांसाठीची शिफारस ७१ अंशांवरून ६३ वर आणली आणि त्यानंतर मांस किमान तीन मिनिटे तसेच ठेवावे असे सांगितले. खिम्यासाठी मात्र ७१ अंश कायम ठेवले. पण हा आकडा मांस खाण्यास सुरक्षित केव्हा होते ते सांगतो, मऊ केव्हा होते ते सांगत नाही. पाठीच्या स्नायूंना कष्ट कमी पडतात आणि त्यांच्यात चिवट पडदे थोडे असतात, म्हणून तो तुकडा ६३ अंशांना रसाळ लागतो आणि ९० ला त्याचा चोथा होतो. खांद्याचे नेमके उलटे आहे. चालणाऱ्या, वजन पेलणाऱ्या त्या स्नायूंत कोलॅजेन, म्हणजे त्या चिवट पडद्यांतले प्रथिन, भरपूर असते. ते ७० अंशांच्या वर, तेही सावकाश, विरघळून जिलेटिन होते, आणि आत पसरलेली चरबीही त्याच वेळात वितळत जाते. खांदा ६३ अंशांवर बाहेर काढला तर तो खायला निर्धोक असेल, पण दात दमतील.

म्हणूनच दोन किलोच्या खांद्यासाठी मी १५० अंशांच्या ओव्हनमध्ये साडेतीन ते चार तास सांगितले होते. या प्रवासात साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान थर्मामीटरचा काटा बराच वेळ अडून बसतो, कारण पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाला गार ठेवत असते. त्या वेळी घाईने आच वाढवली की, विशेषतः आपल्याकडच्या छोट्या ओटीजीत, जिथे तापलेल्या दांड्या मांसाच्या अगदी जवळ असतात, वाटण करपते आणि आत काहीच पुढे सरकत नाही. अशा ओव्हनमध्ये पहिले दोन-अडीच तास तुकडा फॉइलने झाकून ठेवणेच बरे.

व्हिनेगरबद्दल आपला आक्षेप अर्धा मला मान्य आहे. आंबट पदार्थ मांसात काही मिलिमीटरच शिरतो आणि जास्त झाला तर तेवढा थर कोरडा, भुसभुशीत करतो. परंतु माझ्या कृतीत दोन किलोला तीन मोठे चमचे माडाच्या सुरेचे व्हिनेगर होते, तेही मिरच्या, लसूण, आले, मिरी, लवंग आणि दालचिनी वाटण्यापुरते. आपण वाटीभर पांढरे सिंथेटिक व्हिनेगर ओतून त्यात मांस बुडवून ठेवलेत. मुळात या पद्धतीत आंबटपणाचे काम मांस मऊ करणे हे नव्हतेच. पोर्तुगीज लोक वाइन आणि लसणीत मांस मुरवत ते टिकावे म्हणून. मदेरा बेटावर नाताळात आजही तसे मांस होते, आणि गोव्यात वाइनची जागा सुरेच्या व्हिनेगरने घेतली. आतपर्यंत पोहोचते ते मीठ. किलोला १५ ग्रॅम या हिशेबाने ते आदल्या रात्री चोळले तर मांस स्वतःचे पाणी अधिक धरून ठेवते, म्हणून रात्रभराची मुदत मी धरली ती मिठासाठी. मुरवण्याचे भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमवर व्हिनेगरची क्रिया होते.

कातडीला वाटण लावायचेच नसते. ती पुसून, मीठ लावून, फ्रिजमध्ये रात्रभर उघडी ठेवून वाळवावी आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटे २२० अंशांवर, डोळ्यांसमोर, फुलू द्यावी. ओली कातडी आधी वाफते, आणि वाफलेली कातडी चिवटच राहते.

आसाद, म्हणजे गोव्याचा पारंपरिक पोर्क रोस्ट, पातेल्यात करतात, ओव्हनमध्ये नव्हे, हेही आपण लिहिले आहे. ते खरेच आहे. माझी कृती त्या चवीची आहे, त्या नावाची नाही.

पाठीचाच तुकडा पुन्हा आणणार असाल, तर मीठ तेवढेच ठेवा, पण आदल्या रात्री फक्त तेच चोळा. वाटण भाजण्याआधी दोन तास लावा. ओव्हन १६० अंशांवर ठेवून थर्मामीटरची सुई तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, मधोमध, हाडाला न टेकवता खुपसा. ६३ अंश दिसताच मांस बाहेर काढा. मांस खात्रीच्या दुकानातले नसेल तर मी स्वतः ६८ अंशांपर्यंत थांबेन, कारण घरगुती थर्मामीटर दोन-तीन अंश चुकू शकतो आणि सुई मध्यापासून सरकली तर फरक आणखी वाढतो. नंतर पंधरा मिनिटे ते झाकून ठेवा, धाग्यांना आडवे, पातळ काप करा आणि ट्रेमध्ये उतरलेला रस थोडा आटवून त्यावर घाला.