'फास्ट कलर' म्हणजे झटपट जाणारा रंग नव्हे

"लेबलवर 'फास्ट कलर' असेल तर ती सोलापुरी चादर घेऊ नका, रंग फास्ट निघून जातो," असा मेसेज सध्या फिरतोय. अर्थ नेमका उलटा लावलाय.

इंग्रजीत 'फास्ट'चा जुना अर्थ घट्ट, पक्का. 'वेगवान' हा नंतरचा. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपेत (धावत कोण झोपतं?). तसाच फास्ट कलर म्हणजे पक्का रंग.

अर्थात पक्का म्हणजे कशानेही न हलणारा, असंही नाही. धुणं, घासणं आणि ऊन यांची चाचणी वेगवेगळी होते. धुण्याला १ ते ५ आणि उन्हाला १ ते ८ असे गुण असतात. जास्त ते चांगले. लेबलवरचा नुसता 'फास्ट' यातलं काहीच सांगत नाही.

म्हणून दुकानातच पांढरं सुती फडकं ओलं करून चादरीच्या सगळ्यात गडद पट्ट्यावर दहा वेळा घासा. किंचित डाग चालेल. रंगवल्यानंतर सूत गरम साबणाच्या पाण्यातून नीट काढलं नाही, की धाग्यात न मुरलेला रंग वर राहतो आणि पहिल्या धुण्याला पाणी रंगतं. तिसऱ्या धुण्यालाही बादली लाल झाली, तर मात्र रंग कच्चाच.