चेहरा दिसेल ना?

अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या तेरवीला नागपुरात प्रतापनगरच्या घरी पंगत बसली होती. अण्णा दुबईत आमच्याकडे असताना वारले, आणि त्यांचा देह मी नागपूरला आणला होता. चुलत सासरे शेजारच्या पानावर. म्हणाले, "जावईबापू, राग नका मानू. पण एवढा खटाटोप काहून केला? तिकडेच अग्नी द्यायचा, अस्थी आणायच्या, झालं." समोरचे शेजारी तेवढ्यात बोलले, "मुळात म्हाताऱ्या माणसाला तिकडे न्यावंच कशाला?" मग दोन्हीकडून जोर चढला. जीव गेल्यावर उरते ती माती, तिचं विमानभाडं भरणं हा अडाणीपणा, असं एका बाजूचं म्हणणं. परमुलखात जाळलं म्हणजे माणूस बेवारशीच गेला, असं दुसऱ्या बाजूचं. बारा वर्षं दुबईत राहणारा मी गप्प बसलो. पानात बुंदी होती, ती खाली मान घालून खाता येते.

अण्णा दोन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून त्या नागपुरातच राहिल्या. एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी पहाटे, अण्णा उठलेच नाहीत. इथे दुबईत माणूस घरातच वारला की पोलीस येतात. ते अदबीनेच वागले, पण दारात गणवेश पाहून बायकोच्या हातातला पेला पडला. देह पोलिसांच्या ताब्यात गेला आणि आम्ही कागदांच्या मागे लागलो.

तेव्हा मीही चुलत सासऱ्यांच्याच मताचा होतो. दुबईतच जबल अलीला हिंदू स्मशानभूमी आहे. भारतीय वाणिज्य दूतावासाचं ना हरकत पत्र घेऊन तिथे अग्नी देता येतो, आणि मृत्यूचा व दहनाचा दाखला बरोबर ठेवून अस्थींचा कलश विमानात हातातून नेता येतो. पेटी नको, कार्गो नको. मी हा सगळा हिशेब फोनवर मेहुण्यापुढे मांडला, त्याला पटत होता. मग त्याने फोन सासूबाईंना दिला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चेहरा दिसेल ना?"

त्यानंतर मी जबल अलीचं नाव काढलं नाही.

तिकीट काढलं की देह निघतो, असं नागपुरात बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. पोलिसांची परवानगी, मृत्यूचा दाखला, दूतावासात पासपोर्ट रद्द करून घेणं, ना हरकत पत्र, देह टिकावा म्हणून एम्बामिंग, त्याचा वेगळा दाखला, मग सीलबंद पेटी. भारतात विमानाने मृतदेह आणण्याचे नियम १९५४चे आहेत. ऑगस्ट २०२३पासून आपल्या आरोग्य मंत्रालयाने त्यासाठी ई-केअर नावाचं पोर्टल केलं आहे, म्हणजे इकडची परवानगी तरी ऑनलाइन मागता येते. एम्बामिंग होतं ते मुहैस्नाला. कामगारांच्या छावण्यांचा हा भाग, आणि आपले लोक त्याला सोनापूर म्हणतात. मुंबईच्या जुन्या बोलीत सोनापूर म्हणजे स्मशान. हे नाव ज्याने कोणी दिलं त्याला ते ठाऊक नसावं.

तिथल्या बाकावर भंडाऱ्याकडचा एक पोरगा भेटला. त्याच्या खोलीतला सोबती गेला होता, तीन वर्षं गावी न गेलेला. घरच्यांनी ‘तिकडेच करा’ असं संमतीपत्र पाठवलं होतं. गावातल्या कोण्या शहाण्याने त्यांना सांगितलं होतं की देह आणायला लाखो रुपये लागतात, त्यापेक्षा तेच पैसे लेकरांना कामी येतील. खरं म्हणजे कामगार गेला तर त्याचा देह मायदेशी पोचवण्याचा खर्च मालकाने करायचा, असा इथला कायदा आहे. कोणी वालीच नसेल तर भारतीय दूतावासांकडे २००९पासून त्यासाठी कल्याण निधीही आहे. मी पोराला हे सांगितलं. तो म्हणाला, "आता सही होऊन गेली ना जी." अस्थी घेऊन तोच गावी गेला.

पंगतीतली ‘देह म्हणजे माती’ ही सुधारकी भाषा मला म्हणूनच टोचली. विचार म्हणून ती ठीक आहे. पण ती ऐकून गप्प बसतो तो गरीब. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे, तो वाद घालून शेवटी देह आणतोच, मी आणला तसा.

कार्गोच्या काउंटरवर पेटीचं वजन झालं. मृतदेह विमानात माल म्हणून जातो, त्याचं एअरवे बिल, म्हणजे मालाचा कागद, निघतो, त्यावर एचयूएम अशी तीन अक्षरं असतात, ती मानवी देहाची खूण. अमिरातीतून मृतदेह आणण्याचं भाडं एअर इंडिया पूर्वी किलोवर घ्यायची. इथल्या भारतीयांनी फार ओरड केल्यावर जानेवारी २०१९मध्ये सरसकट १,५०० दिरहॅम आणि बारा वर्षांखालच्या मुलासाठी ७५०, असा दर ठरला. "माणसाला काय तराजूत टाकता?" असं तेरवीत कोणीतरी म्हणालंच. तराजूचं मला काही वाटत नाही, विमानात भार मोजावाच लागतो. चीड यायची ती किलोच्या दराची. धिप्पाड नवरा गेला तर बायकोला जास्त पैसे, हा कुठला न्याय?

शारजाहून नागपूरला थेट विमान आहे. बायको त्याने पुढे गेली आणि पहाटे सोनेगाव विमानतळावर उतरली. पेटीचं मात्र एजंटाने तिकडे जमणार नाही म्हणून सांगितलं. म्हणजे जिवंत माणसाला थेट वाट आणि मेलेल्याला मुंबईचा वळसा. मी पेटीबरोबर मुंबईला उतरलो आणि रुग्णवाहिकेतून समृद्धी महामार्गाने निघालो. या रस्त्याला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली, जमिनी गेल्या म्हणून, टोल म्हणून. भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंतचे ते ७०१ किलोमीटर ड्रायव्हरने रात्रीतून कापले, आणि मी त्या रात्री एकही नाव ठेवलं नाही.

वाटेत ड्रायव्हर म्हणाला, "केरळात सरकारची गाडी येते म्हणतात." खरं आहे ते. केरळने १९९६ साली परदेशातल्या मल्याळींसाठी नोर्का नावाचं खातंच काढलं, आणि विमानतळावरून मृतदेह घरी पोचवायला त्यांची मोफत रुग्णवाहिका असते. अमिरातीतून हजारो देह मायदेशी पाठवणाऱ्या अश्रफ थामरस्सेरींना २०१५ साली प्रवासी भारतीय सन्मान मिळाला, तेही केरळचेच. विदर्भात परदेश म्हटला की आपल्याला अमेरिकेतला इंजिनियर दिसतो. भंडाऱ्याचा पोरगा आपल्या हिशेबात नाही, मग त्याच्यासाठी गाडी कुठून येणार?

शेजाऱ्यांचा सल्ला, म्हाताऱ्यांना नेऊ नका, मी मानणार नाही. एकोणीस दिवस अण्णांनी नातवाला तर्री-पोहे शिकवले, त्यापायी दोन कढया जळल्या. न्या. फक्त प्रवास विम्यात मृतदेह परत पाठवण्याचा खर्च धरला आहे का, ते निघण्याआधी वाचा. आमच्या पॉलिसीत तो होता, चौथ्या पानावर. मला तो सापडला सोमवारी.

आणायचं की तिथेच अग्नी द्यायचा, यात माझं मत आता असं आहे: ज्यांनी माणसाला शेवटचं पाहिलं नाही, त्यांना विचारा. आमच्या घरात अण्णांना आम्ही पाहिलं होतं, सासूबाईंनी नव्हतं. माझं उद्या इथे काही झालं तर बायको आणि मुलगा इथेच आहेत, तेव्हा जबल अली पुरे, अस्थी रामटेकच्या अंबाळा तलावात सोडा, असं मी लिहून ठेवलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी हाय तोवर असं काही चालणार नाही." तो कागद आता तात्पुरता आहे.

अण्णांना घरी उतरवलं तेव्हा सासूबाई खुर्चीत बसून होत्या. पेटी उघडली. एम्बामिंगवाल्यांनी गालांना रंग लावला होता. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढे गोरे कधी झाले हे?" मग त्यांनी अण्णांचा भांग नेहमीसारखा डावीकडून पाडला.

अंबाझरी घाटावरून आलो तेव्हा रिकामी पेटी अंगणातच होती. ड्रायव्हर ती परत न्यायला तयार नव्हता, भंगारवाल्याने हात लावला नाही. तेरवीपर्यंत ती जिन्याखाली चादर टाकून ठेवली होती. पलीकडच्या सुताराने विचारलं, लाकूड चांगलं आहे, नेऊ का? सासूबाई म्हणाल्या, "न्या. ते स्टिकर तेवढं काढून द्या, त्याच्यावर यांचं नाव आहे."