गाडीच्या वॉरंटीचे फोन: डोकं फिरलंय माझं

आज दुपारी परत आला. मीटिंगमध्ये होतो. नंबर आमच्याच ७३२ एरिया कोडचा दिसला, वाटलं मुलीच्या शाळेतून असेल, म्हणून धावत बाहेर येऊन उचलला. तर तीच रेकॉर्ड केलेली बाई. तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे, ही शेवटची सूचना, माणसाशी बोलायचं असेल तर एक दाबा. कसली शेवटची सूचना? अमेरिकेत आल्यापासून ही शेवटची सूचना ऐकतोय मी!

पूर्वी शिवी घालून फोन कापायचो आणि विसरून जायचो. आता विसरता येत नाही, कारण न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसन गावातल्या एका काकांना या लोकांनी कसं नागवलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. निवृत्त इंजिनिअर. गाडी २०१३ची, एक लाख दहा हजार मैल झालेली. फोन आला तेव्हा काकू नुकत्या हॉस्पिटलमधून घरी आल्या होत्या, दर आठवड्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर काय करायचं हीच काळजी त्यांना खात होती. पलीकडचा माणूस गोड बोलला. इंजिन, ट्रान्समिशन, एसी, सगळं कव्हर होतं म्हणाला. आजच घेतलं तर हा भाव, उद्या मिळणार नाही म्हणाला. काकांनी कार्डाचा नंबर दिला. आधी २९५ डॉलर, मग दर महिन्याला ११९. करार पोस्टाने यायला तीन आठवडे लागले. म्हणजे पैसे आधी घेतले आणि कशाचे घेतले ते नंतर कळवलं.

चौदाव्या महिन्यात ट्रान्समिशन गेलं. मेकॅनिकने ४२०० डॉलर सांगितले. काकांनी फोन केला, तर आधी पाऊण तास होल्डवर, मग उत्तर आलं की हा बिघाड करार घेण्याआधीपासूनचा दिसतो. आणि दुसरं म्हणजे, ऑइल बदलल्याच्या पावत्या दाखवा.

पावत्या कुठून असणार? हा माणूस गाडी घेतल्यापासून स्वतःच्या हाताने ऑइल बदलतोय. त्यांनी मला डायरी आणून दाखवली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, पानांवर काळ्या बोटांचे ठसे. प्रत्येक वेळची तारीख, मैल, कोणतं ऑइल, फिल्टर बदलला की नाही, सगळं मराठीत, एका ओळीत एक. एकही नोंद चुकलेली नाही. ‘अरे, तारखेसकट सगळं लिहिलंय की मी,’ एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन हजार डॉलरच्या आसपास गेले त्यांचे. वर ४२०० खिशातून.

आणि आपल्यातलेच लोक म्हणतात, एवढा शिकलेला माणूस कसा फसला? संताप येतो मला या प्रश्नाचा. फसवणाऱ्याला कोणी विचारत नाही, लाज फसलेल्याने बाळगायची. म्हणून तर काकांनी चार महिने मुलालासुद्धा सांगितलं नाही.

आता मुळातलं खोटं बघा. हे लोक जे विकतात ती वॉरंटी नसतेच. वॉरंटी गाडीच्या किमतीत येते आणि ती गाडी बनवणारी कंपनी देते. इथे साधारण तीन वर्षं किंवा ३६ हजार मैल, इंजिन-ट्रान्समिशनला बऱ्याचदा पाच वर्षं किंवा ६० हजार. हे विकतात तो सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे वेगळे पैसे घेऊन केलेला दुरुस्तीचा करार. २०१३च्या गाडीची वॉरंटी ‘आता संपत आली’ कशी असेल? ती कधीच संपली! आणि एक दाबलं की पहिला प्रश्न काय, तर गाडी कोणती, कोणत्या सालची, किती मैल झाले. ज्याला माझी गाडी माहीत नाही, त्याला माझ्या गाडीची वॉरंटी संपत आल्याचं कसं कळलं? डीलरकडे बसून, कागद पूर्ण वाचून कोणी असा करार घेत असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. फोनवर घाई करून विकणाऱ्यावर मात्र एका डॉलरचाही विश्वास ठेवू नका.

हे चिल्लर चोरांचं काम नाही. एका टोळीने २०२१मध्ये तीन महिन्यांत पाच अब्जांहून जास्त फोन केले, पन्नास कोटींहून जास्त नंबरांवर. ऑगस्ट २०२३मध्ये एफसीसीने, म्हणजे इथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने, त्यांना जवळजवळ ३० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. त्यामागच्या दोघांवर टेलिमार्केटिंग करायला आधीच आजन्म बंदी होती, तरी हे चालू होतं. बरं, टीव्हीवर राजरोस जाहिरात करणारे तरी धड आहेत का? जुलै २०२४मध्ये असेच करार विकणाऱ्या कारशील्ड कंपनीला आणि तिच्या जोडीदार कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल एफटीसीशी, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेशी, तडजोड करून एक कोटी डॉलर भरावे लागले. ‘कव्हर होतं’ असं सांगून विकायचं आणि दुरुस्तीची वेळ आली की हात वर करायचे, तक्रार तीच.

विक्रीचे फोन नकोत म्हणून नंबर नोंदवायच्या सरकारी ‘डू नॉट कॉल’ यादीत माझा नंबर कधीपासून आहे. ती यादी २००३पासून आहे, पण कायदा पाळणारेच ती बघतात. खोट्या नंबरावरून फोन करणाऱ्याला तिचं काय सोयरसुतक? मग आपण काय करतो, अनोळखी नंबर उचलणंच सोडून देतो. काकांनीही सोडलं. काकूंच्या रक्ताचा रिपोर्ट आला म्हणून लॅबमधून दोनदा फोन आला होता, त्यांनी उचलला नाही. तीन दिवस औषध बदलायचं राहिलं. याचा हिशोब कोण देणार? दंडाच्या कुठल्या आकड्यात हे तीन दिवस बसतात?

त्यांचं कार्ड आम्ही गेल्या आठवड्यात बंद केलं. या शनिवारी त्यांच्याकडे जाऊन एफटीसीकडे आणि न्यू जर्सीच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार भरणार आहे. काका म्हणाले, डायरीचा काय उपयोग, त्यांना मराठी कुठे कळणार? मी प्रत्येक पानाचा फोटो काढणार आहे. खाली भाषांतर मी स्वतः लिहीन.