कॉन्व्हेंट शाळांविषयीचा तो संदेश आणि मेरी वॉर्ड

शाळाप्रवेशांची धावपळ सुरू झाली की नाशिकमधील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. नाशिकरोडच्या एका ओळखीच्या आईने तो मला पाठवला आणि खाली विचारले, “मॅडम, हे खरे आहे का? मुलीला तिथून काढू का?” तिची काळजी खरी होती, म्हणून तिला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

संदेशाचा आशय असा : इंग्लंडमध्ये विवाहाबाहेर जन्मलेली मुले चर्चच्या दारात टाकली जात आणि अशा ‘लावारिस’ मुलांसाठी तिथे १६०९च्या सुमारास पहिले कॉन्व्हेंट निघाले, त्या मुलांना नावापुरते आईबाप मिळावेत म्हणून फादर, मदर, सिस्टर ही संबोधने आली, आणि १८४२ मध्ये भारतीयांना गुलाम बनवण्यासाठी इंग्रजांनी तीच शाळा कोलकात्यात आणली.

पहिला दावा इंग्लंडच्या इतिहासापुढे टिकत नाही. पोपशी फारकत घेतलेल्या राजा आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात तिथले सर्व मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या होत्या. १५८५च्या कायद्याने तर कॅथलिक धर्मगुरूने देशात पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला. ज्या देशात जोगिणींचा (नन्सचा) एकही मठ, म्हणजेच कॉन्व्हेंट, उघडपणे चालू शकत नव्हता, तिथे १६०९ मध्ये टाकलेल्या मुलांचे कॉन्व्हेंट निघेल कसे? अशा मुलांची जबाबदारी १६०१च्या गरीब-कायद्यानुसार गावोगावच्या पॅरिशवर (चर्चच्या स्थानिक विभागावर) होती, आणि लंडनमध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था काढण्याची सनद थॉमस कोरम या जहाजी कप्तानाला मिळाली ती १७३९ मध्ये.

मात्र १६०९ हे वर्ष संदेशात अगदीच हवेतून आलेले नसावे, कारण त्या वर्षी खरोखर काहीतरी घडले होते. १५८५ मध्येच यॉर्कशरच्या एका कॅथलिक घरात मेरी वॉर्ड जन्मली. तिच्या आजीने श्रद्धेपायी अनेक वर्षे तुरुंगात काढली होती. मेरी तरुणपणी समुद्र ओलांडून सेंट ओमेर येथे गेली. आज फ्रान्समध्ये असलेले हे गाव तेव्हा स्पॅनिश नेदरलँड्स या प्रदेशात होते. १६०९ मध्ये काही इंग्रज मैत्रिणींना घेऊन तिने तिथेच आपल्या जोगिणींच्या संघाचा पाया घातला आणि मुलींसाठी शाळा सुरू केली. घरी राहून येणाऱ्या गावातील मुलींना तिथे फुकट शिकवले जाई. म्हणजे संदेशातले वर्ष बरोबर, पण देश चुकीचा आणि हेतू तर साफ उलटा.

या बाईंचे आयुष्य थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकातील कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेपासून जोगिणींनी मठाच्या भिंतीबाहेर पडू नये असा दंडक होता. मेरीचे म्हणणे असे की शिकवायचे तर भिंतीबाहेर जावे लागेल, आणि पुरुषांना जे साधते ते स्त्रियांना साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही. संघाला मान्यता मिळावी म्हणून ती १६२१च्या हिवाळ्यात आल्प्स ओलांडून पायी रोमला गेली. पुढील काही वर्षांत रोम, नेपल्स, म्युनिक, व्हिएन्ना येथे शाळा निघाल्या. पण १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी संघ बरखास्त केला आणि मेरीला पाखंडी ठरवून म्युनिकमधील एका मठाच्या खोलीत कोंडण्यात आले. सामान गुंडाळून आलेल्या कागदांवर ती लिंबाच्या रसाने पत्रे लिही. रस वाळला की कागद कोरा दिसे आणि बाहेरच्या सहकारिणी तो विस्तवाजवळ धरून मजकूर वाचत. साधारण दोन महिन्यांनी सुटका झाल्यावरही तिने काम सोडले नाही. १६४५ मध्ये यॉर्कजवळ तिचा मृत्यू झाला. संघाची संस्थापिका म्हणून तिचे नाव घेण्याची मुभा चर्चने दिली ती १९०९ मध्ये. मुलींना शिकवण्यासाठी जिने एवढे सोसले, तिच्या कार्याची अशी अवहेलना व्हावी, हे मला फार लागते.

संबोधनांच्या दाव्याचे उत्तर थोडक्यात देता येते. धर्मगुरूला पिता आणि मठप्रमुख स्त्रीला माता म्हणण्याची रीत १६०९च्या कित्येक शतके आधीची आहे, आणि आपणही संतांना माउली म्हणतोच.

आता १८४२. कोलकात्यात शाळा काढणाऱ्या लोरेटो संघाच्या भगिनी आयर्लंडच्या होत्या आणि मेरी वॉर्डच्याच परंपरेतल्या होत्या. आयर्लंडमध्ये इंग्रजी राजवटीच्या कायद्यांनी कॅथलिकांना शाळा चालवण्याचीही दीर्घकाळ बंदी होती. या शाखेच्या संस्थापिका टेरेसा बॉल यांनाही लहानपणी शिक्षणासाठी यॉर्कला, मेरीच्या परंपरेतील मठात पाठवले गेले होते. १८४१ मध्ये कोलकात्याच्या कॅथलिक चर्चने बोलावणे पाठवले आणि डेल्फिन हार्ट या जेमतेम पंचविशीतील तरुणीच्या नेतृत्वाखाली ही तुकडी डिसेंबरअखेर तिथे उतरली. ती सरकारने धाडलेली नव्हती. सुरुवातीच्या विद्यार्थिनी बहुतांशी युरोपीय होत्या हे खरे आहे. आजच्या इंग्रजी शाळांच्या फीवर आणि मराठी मागे पडण्यावर टीका व्हायलाच हवी. मीही ती करते. पण त्यासाठी या संदेशाचा काहीच उपयोग नाही.

राहता राहिला ‘लावारिस’ हा शब्द. लोरेटोच्या भगिनींनी कोलकात्यातील एन्टाली भागात अनाथ मुलींना सांभाळले, हे खरे आहे. त्याच आवारातील बंगाली माध्यमाच्या शाळेत पुढे मदर टेरेसा अनेक वर्षे शिक्षिका होत्या. यात लाज वाटण्यासारखे काय आहे? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशाच मुलांसाठी, आणि एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेऊन डॉक्टर केले. पंढरपूरचे बालकाश्रम १८७५ पासून हेच काम करत आले आहे. मुलीला शाळेतून काढू का, असे विचारणाऱ्या त्या आईला मी हेच लिहिले की शिकवणे कसे आहे, शिक्षक कसे आहेत, फी झेपते का, हे पाहून ठरवा; कोणत्याही मुलाच्या जन्मावरून दिलेली शिवी त्या निर्णयात येऊ देऊ नका.