उमेदवाराचा कार्यकाळ तपासायचा कुठे?

ग्रामपंचायत निवडणुकीतल्या उमेदवाराची ओळख करून देणारा लेख बहुधा "दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य, एकदा उपसरपंच, अनेक विकासकामे" एवढ्यावरच थांबते. पद भूषवणं आणि काम करणं यात फार अंतर असतं, आणि ते ग्रामपंचायतीच्या दप्तरात दिसतं. मासिक सभेचं इतिवृत्त मागा. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात. पाच वर्षांत एकाही ठरावावर नाव नसेल तर त्या सदस्याने सभेत नेमकं काय केलं, हा प्रश्न उरतोच. सोबत हजेरीही बघा.

रस्ते, गटारांच्या श्रेयात सगळ्यात जास्त गफलत होते. काम वित्त आयोगाच्या निधीतून झालं, जिल्हा परिषदेच्या की आमदार निधीतून, हे कार्यारंभ आदेशावरून (काम सुरू करण्याच्या लेखी आदेशावरून) कळतं; फलकावरच्या नावावरून नाही. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पाहता येतो.

माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये शुल्क आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. त्यामुळे चिन्हवाटपानंतर अर्ज केला तर कागद बहुधा मतदानानंतरच हातात पडतात. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती मात्र उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात असते, ते आधी वाचा.