भाकर हातात, लिपिड प्रोफाइल खांद्यावर

चर्चमध्ये प्रभुभोजन चालू आहे. भाकर हातात आहे, प्याला अजून दोन बाकं लांब आहे, गायकवृंद अगदी हळू आवाजात गातोय, आणि मागच्या बाकावरून खांद्यावर एक मोबाइल येऊन टेकतो. "डॉक्टर, फक्त एक मिनिट हं. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टवर तीन स्टार आलेत, आकडे नॉर्मलच्या बाहेर."

डोळे मिटलेला माणूस दिसत नाही का? की डॉक्टर डोळे मिटतो ते आठवायला, कुठल्या गोळीने कुठला स्टार जातो ते?

बरं, फोटो तरी धड काढावा. पाच पानांच्या रिपोर्टचं तिसरं पान, तेही तिरकं, ट्यूबलाइटची चकाकी नेमकी एचडीएलच्या, म्हणजे चांगल्या कोलेस्टेरॉलच्या, आकड्यावर, आणि उजवीकडचा नॉर्मल रेंजचा रकाना कापलेला. वय पहिल्या पानावर, म्हणजे घरी. उपाशीपोटी रक्त दिलं होतं का? "उपाशीच हो. फक्त चहा झाला होता. आणि चहाबरोबर थोडं काहीतरी." अहो, त्या थोड्या काहीतरीने ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वर जातं. आणि रिपोर्टवरचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पुष्कळदा थेट मोजलेलंच नसतं, गणिताने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. पाचव्या भागात घोळ झाला की एलडीएलमध्येही घोळ. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं तर ते गणित वापरायचंच नसतं. हे सगळं कुजबुजत्या आवाजात, मान न वळवता, हातातली भाकर न पाडता सांगायचं.

आणि स्टारची एवढी दहशत कशाला? नॉर्मल रेंज सहसा अशी आखतात की धडधाकट माणसांपैकी 95 टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे शंभरातले पाच निरोगी लोकही बाहेर पडणारच. अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टवर निदान एक स्टार येण्याची शक्यता 64 टक्के. पॅकेजमध्ये तपासण्या किती? साठ, सत्तर! कोणी लक्षणाशिवाय, कोणी न सांगता, "ऑफर होती म्हणून" करून घेतलेल्या. मग स्टार पडतात आणि रविवारी देवळात वाटले जातात.

एक मिनिट म्हणे. कोलेस्टेरॉलची गोळी द्यायची की नाही हे ठरवायला वय, रक्तदाब, साखर, सिगारेट, वडिलांना किंवा भावाला कोणत्या वयात हार्ट अटॅक आला, थायरॉइड कमी आहे का (तो कमी असला की कोलेस्टेरॉल चढतं, आणि आधी उपचार त्याचा करायचा असतो), आत्ता कुठल्या गोळ्या चालू आहेत, एवढं तरी विचारावं लागतं. विचारलं तर अख्खं बाक कान टवकारतं. न विचारता सांगितलं तर तो धंद्याचा अपमान. "नंतर दवाखान्यात या" म्हटलं तर चेहरा पडतो आणि ठेवणीतला बाण बाहेर येतो: "प्रभूने तर शब्बाथाच्या दिवशीसुद्धा बरं केलं, डॉक्टर."

यावर चोख उत्तर आहे, आणि ते लूककृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात छापलेलंही आहे. अठरा वर्षं कुबड घेऊन जगलेल्या बाईला प्रभू शब्बाथाला, म्हणजे काम न करायच्या विसाव्याच्या दिवशी, सरळ करतो, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी चिडून लोकांना म्हणतो की काम करायला सहा दिवस आहेत, त्या दिवसांत येऊन बरे व्हा. काय मुद्देसूद माणूस! ओपीडीच्या दारावर पाटी करून लावावं असं वाक्य. अडचण एवढीच, की लगेच पुढच्या ओळींत प्रभू त्याला ढोंगी म्हणतो. आजवर ज्याच्या बाजूने कुठल्याही उपदेशात एक शब्द ऐकला नाही, त्या इसमाशी आपलं मत तंतोतंत जुळतंय हे प्रभुभोजनाच्या वेळी लक्षात येणं फारसं सुखाचं नसतं. असो. पण त्या बाईच्या हातात मोबाइल नव्हता, आणि तिने कोणाच्या खांद्यावर काही टेकवलंही नव्हतं.

लूक म्हटला की दुसरं दुखणं आठवतं. 18 ऑक्टोबर, संत लूकचा दिवस. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात लूकला 'प्रिय वैद्य' म्हटलंय, त्यामुळे जवळच्या रविवारी मंडळीतल्या डॉक्टर-नर्सना पुढे बोलावून प्रार्थना होते. इथपर्यंत गोडच आहे. त्यानंतर सूचना वाचून दाखवायला सेक्रेटरी उठतात आणि आपल्याला तिथेच, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा कळतं की उपासनेनंतर मोफत आरोग्य तपासणी शिबिर आहे आणि ते आपण घेत आहोत.

शिबिरातला रक्तदाब म्हणजे तर शुद्ध करमणूक. नियम काय? पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकलेले, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, लघवी करून आलेलं, आधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगारेट नाही, मोजताना बोलायचं नाही, एका मिनिटाने पुन्हा मोजायचा. प्रत्यक्षात माणूस माडीवरच्या गायकवृंदातून धाडधाड उतरून येतो, कप हातात, घट्ट बाही कोपराच्या वर गुंडाळलेली, आणि पट्टा फुगत असताना कमिटीच्या निवडणुकीबद्दल बोलतो. आकडा येतो 160 वर 100. सगळ्यांना एकच पट्टा, मधल्या साइजचा. जाड दंडाला तोकडा पट्टा बांधला की दाब खोटा चढलेला दिसतो, हे कितीदा सांगायचं? आतली फुग्याची पिशवी लांबीला दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के हवी. आणि मग घरचं मनगटाचं मशीन घेऊन एक काका येतातच, पडताळून बघायला. हात मांडीवर ठेवून मोजतात. मनगट हृदयाच्या दहा सेंटिमीटर खाली असलं की सात-आठ अंक फुकट वाढतात. काकांचं मशीन बरोबर, डॉक्टर चूक.

साखरेचं तर विचारूच नका. केक खाल्लेलं बोट पुसून पुढे करतात. ग्लुकोमीटर रक्ताचा थेंब मोजतो की थेंबात मिसळलेला केक मोजतो, हे त्या यंत्राला कळत नाही. हात पाण्याने धुवा, नीट कोरडे करा, मग टोचा. सॅनिटायझर लावलं तर ते पूर्ण वाळू द्या. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं टाकू नका, दमट हवेत पट्ट्या खराब होतात.

आणि प्रार्थनेची विनंती! हा प्रकार ज्याने शोधला त्याला सलाम. "डॉक्टर, त्या मावशी तुमच्याकडे येऊन गेल्या ना? नाही, म्हणजे नेमकं काय आहे ते कळलं तर प्रार्थना नीट करता येईल." देवाला बायोप्सीचा रिपोर्ट लागत नाही हो. तो लागतो बुधवारच्या प्रार्थना सभेला. डॉक्टर गप्प बसला तर "म्हणजे गंभीर आहे". हसला तर "म्हणजे काही नाही, उगाच नाटक". "मला सांगता येणार नाही" म्हटलं तर "कॅन्सरच". मोठ्या शहरात डॉक्टर दवाखान्याबाहेर पडला की गर्दीत विरघळतो. लहान शहरात तोच किराणावाला पेशंट, तोच खजिनदार, त्याचीच मुलगी आपल्या मुलीच्या वर्गात. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलवायची सोय नाही.

घरच्यांचं काय? जोडीदाराची नेमणूक बिनपगारी रिसेप्शनिस्ट म्हणून लग्नाच्या दिवशीच झालेली असते. फोन डॉक्टरने उचलला नाही की घरच्या नंबरवर: "त्यांना त्रास नको, तुम्हीच सांगा, तापाचं औषध एक चमचाच ना?" कुठलं औषध? "ते गुलाबी." यावर माझं डोकं फिरतं. पॅरासिटामॉल लहान मुलाला वजनावर असतं, किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर. बारा किलोच्या पोराला 180 मिलिग्रॅम. आता एक सिरप 5 मिलीत 120 वालं, त्याचे साडेसात मिली होतात. दुसरं 5 मिलीत 250 वालं, त्याचे साडेतीनच्या थोडे वर. आणि थेंबांची बाटली 1 मिलीत 100 वाली, तिचे फक्त 1.8 मिली. त्या थेंबांच्या बाटलीतून 5 मिलीचा चमचा भरून दिला तर 500 मिलिग्रॅम गेले, जवळजवळ तिप्पट. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचा, पोराचं वजन सांगा, बाटलीबरोबर आलेलं मापच वापरा. "गुलाबी" हे माप नाही. स्वतःच्या पोराच्या वाढदिवसाची मेणबत्ती फुंकली जाते तेव्हा डॉक्टर गॅलरीत उभा राहून कोणाला तरी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला लावत असतो. मागून टाळ्या ऐकू येतात.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन, प्रभूने क्रुसावरून काढलेल्या सात शब्दांवर एकेक करून उपदेश, बंद दारं, गच्च भरलेलं मंदिर, आणि उपास. मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेणारे आजोबा गोळी घेतात आणि जेवण टाळतात, "आज तरी नको". गोळी साखर खाली खेचत राहते, पोटात तर काही नाही. चौथ्या शब्दापर्यंत घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, आणि शेजारच्यांना वाटतं की आजोबा भरून आले. साखर 70 च्या खाली असली आणि गिळता येत असलं तर 15 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका. खरं तर उपासाच्या आदल्या आठवड्यात येऊन गोळीचं विचारून जायचं असतं, पण त्या आठवड्यात कोणी येत नाही, कारण तो विचारायचा योग्य वेळ असतो.

उभं राहून राहून घेरी येऊन पडणारे वेगळे. रक्त पायात साठतं, मेंदूला कमी पडतं, माणूस कोसळतो. कोसळणं हाच अर्धा उपचार असतो, आडवं झालं की रक्त परत डोक्याकडे येतं. पण आपले लोक काय करतात? दोघं बगलेत धरून त्याला बाकावर ताठ बसवतात, तिसरा तोंडात पाणी ओततो, चौथा गीतसंग्रहाने वारा घालतो, उरलेले वारा अडवून उभे. आडवा ठेवा! पाय उचला, कॉलर सैल करा, बाजूला व्हा. बहुतेक जण मिनिटभरात डोळे उघडतात.

आणि जो उघडत नाही, हलवून-हाक मारून उत्तर देत नाही, नीट श्वास घेत नाही, त्याच्यासाठी छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागायचं, मिनिटाला 100 ते 120, पाच-सहा सेंटिमीटर खोल. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाने अँब्युलन्सला फोन, एकाने शॉक द्यायचं मशीन आणायला धाव. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. मशीन आहे का? आहे की. देणगीदाराच्या नावाच्या पाटीसकट. कमिटीच्या ऑफिसमधल्या कपाटात, "लहान मुलं हात लावतात" म्हणून कुलपात. किल्ली खजिनदाराकडे, आणि खजिनदार अर्पण मोजायला मागच्या खोलीत, आतून कडी लावून. पॅडची मुदत कधी संपते, हिरवा दिवा लुकलुकतोय का, कोणी पाहिलंय? ती पेटी बाहेर काढा आणि मुख्य दाराजवळच्या भिंतीवर लावा, कुलूप न घालता. देणगीदाराची पाटी हवं तर वर ठेवा, मोठ्या अक्षरात.