चोरिसाचा तारा

२०२२च्या जुलैअखेरीस एत्येन क्लाइन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी ट्विटरवर एक फोटो टाकला. काळ्याभोर अंधारात लालभडक गोळा, अंगावर पांढरट ठिपके. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीनं टिपलेला प्रॉक्सिमा सेंटॉरी हा तारा, अंतर ४.२ प्रकाशवर्षं! वेबचे पहिले फोटो येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, सगळे हरखलेले. मीही. लगेच घरच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले.

तो चोरिसोचा, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजचा काप होता. गोव्यात चोरीस मिळतं ना, त्याचा स्पॅनिश भाऊबंद. ठिपके म्हणजे चरबी.

भाऊ अजून विचारतो, "ताई, आज ताऱ्याची भाजी का?"

क्लाइनांनी नंतर माफी मागितली. लोक त्यांच्यावर चिडले, मी माझ्यावर. वेबमधूनही तो तारा प्रकाशाचा ठिपकाच दिसणार, असा थाळीएवढा नाही. जरा थांबले असते तर सुचलं असतं. पण मी फोटो पाहिलाच नाही, नाव पाहिलं.

सोशल मीडियावरच्या आम्हा संशोधकांच्या प्रोफाइलींचं नेमकं हेच दुखणं आहे. सेल्फी काढा, नाचा, माझी काही हरकत नाही. (आमच्यातल्या ज्येष्ठांची असते.) मला खुपतं ते पांढरा कोट, हाताची घडी आणि "विज्ञान सांगतं की...". कुठला प्रयोग? किती जणांवर? उंदरांवर झालेला प्रयोग रीलमध्ये येईपर्यंत माणसांवरचा होऊन जातो, आणि नावापुढे 'डॉ.' असलं की कुणी विचारतही नाही.

नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. म्हणजे नुसत्या नावावर काम भागायचं नाही.

मागच्या महिन्यात प्रयोगशाळेतल्या माझ्या प्लेटांना काळी बुरशी लागली, तीन आठवडे पाण्यात. वैतागून फोटो इथेच टाकला. माझ्या छापून आलेल्या पेपरला कधी आल्या नाहीत एवढ्या कॉमेंटी आल्या. एका काकांनी विचारलं, "मॅडम, लोणच्यावर येते तीच का ही?"

उत्तर येईना. पुन्हा मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि दोन दिवसांनी लिहिलं, "ॲस्परजिलस वाटतेय, पण खात्री नाही. आणि तुमची न बघता तीच आहे असं कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी काकांनी बरणीचा फोटो पाठवला. झाकण उघडून, बाजूला अंदाजासाठी एक रुपयाचं नाणं ठेवून.